साबणावरचा बैल

पाचवी ‘ब’च्या वर्गाला त्या दिवशी धोबीघाटाचा वास येत होता. चित्रकलेच्या सरांनी आदल्या दिवशी फर्मान काढलं होतं : कपड्याच्या साबणाचा तुकडा, खिळा आणि कर्कटक आणा. भेंडीचे, बटाट्याचे ठसे आम्ही आधी भरपूर मारले होते, कागदापेक्षा एकमेकांच्या शर्टांवर जास्त. साबण मात्र पहिल्यांदाच.

सरांनी मोहेंजोदडोच्या मुद्रेचं चित्र दाखवलं. एकशिंगी प्राणी, डोक्यावर आजवर कुणाला न लागलेली लिपी. अशा मुद्रा बहुतेक संगजिऱ्याच्या. हा दगड इतका मऊ, की नखानेही ओरखडतो. कोरून भट्टीत भाजला की टणक होतो. म्हणून आम्हाला साबण. तो भाजायचा नाही, हे आमच्यातल्या एकाला दोनदा सांगावं लागलं.

बैल जमला. (शिंग एकच, म्हणून कामही कमी.) वर माझं चार अक्षरी नाव. ठसा सुलटा यायचा तर कोरायचं उलटं, म्हणजे उजव्या कडेपासून. तीन अक्षरं ऐसपैस कोरली आणि शेवटच्या ‘ग’ला जागाच उरली नाही. कसाबसा कडेला कोंबला. ऑफिसातून आणलेल्या जांभळ्या स्टँप पॅडवर साबण दाबून कागदावर ठसा उमटवला, तर ‘ग’ उजवीकडे अंग चोरून उभा. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

सर मात्र खूश! म्हणाले, “अरे, त्या कारागिरांचीही जागा संपायची. पण त्यांच्या काही ठशांत दाटी डाव्या टोकाला दिसते. म्हणजे ते कुठून कुठे लिहीत होते?”

“उजवीकडून डावीकडे!” वर्ग ओरडला.

“आणि याचं नाव वाचता आलं नाही, तरी हा डावीकडून लिहितो हे कळेल.”

मग शाडूच्या गोळ्यांवर ठसे घेतले. गोळ्यांच्या मागे सुतळी दाबली, कारण सिंधू संस्कृतीच्याच लोथल या गावी सापडलेल्या मातीच्या ठशांमागे दोरीचे, कापडाचे वळ आहेत. मालाच्या गाठोड्यांवर लावलेली सीलं ती.

पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोचीच प्रसिद्ध ‘पशुपती’ मुद्रा पाहिली. जेमतेम साडेतीन सेंटिमीटर! माझा बैलच तिच्यापेक्षा मोठा होता. मी काचेला नाक लावून आधी अक्षरांची दाटी शोधली.

बैल घरी नेला, तो दुसऱ्या दिवशी मोरीतून गायब. आईला विचारलं, तर ती म्हणाली, “तुझ्याच जांभळ्या शर्टाला घासला. डाग काही गेला नाही.”