अंबरनाथचे भूमिज शिवालय

रविवार, सायंकाळ

आज अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो होतो. स्थानकाच्या पूर्वेला रिक्षा, दुकाने आणि इमारतींच्या गर्दीतून वालधुनी नदीच्या काठी पोहोचलो, तेव्हा आत जाण्याची घाई न करता प्रथम बाहेरूनच सावकाश फिरायचे ठरवले. गाभाऱ्यापुढे रांग होती हे एक कारण खरे. परंतु या देवळाचा शिल्पकार आपल्याशी बोलतो तो मुख्यतः बाहेरच्या भिंतीवरून, असे माझे मत आहे.

ही भिंत कोठेही फार वेळ सरळ जात नाही. ती थोडी पुढे येते, कोन करते, मागे सरते आणि पुन्हा पुढे येते. पीठाच्या, म्हणजे जोत्याच्या, आडव्या थरांपासूनच हे कोन सुरू होतात, मूर्तींनी भरलेल्या जंघेवरून, म्हणजे भिंतीच्या मधल्या भागावरून, वर चढतात आणि शिखरात मिसळतात. त्यामुळे सकाळच्या तिरप्या उन्हात काळ्या पाषाणावर उजेड आणि सावली यांचे उभे पट्टे पडतात, आणि मुळात फार उंच नसलेली ही वास्तू उंच भासते. मूर्तींपैकी कित्येकांचे चेहरे कोकणच्या पावसाने पुसट केले आहेत, तरी अंगाची वळणे अजून स्पष्ट आहेत.

शिखर भूमिज पद्धतीचे आहे. चारही बाजूंच्या मध्यावरून जाळीदार नक्षीचा एकेक उभा पट्टा, म्हणजे लता, वर जाते आणि दोन लतांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात; वर जाताना त्या आकाराने कमी होत जातात. माळव्यात या पद्धतीचा मोठा विकास झाला. विदिशेजवळच्या उदयपूरचे परमार राजांचे प्रसिद्ध उदयेश्वर मंदिर 1080 मध्ये पूर्ण झाले, तर अंबरनाथचा शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे भाऊ एकामागून एक राज्यावर आले. त्यांतील मुम्मुणीच्या, म्हणजेच मम्वाणीच्या, कारकिर्दीतला हा लेख. घाटाखालच्या या राज्यात माळव्याच्या तोडीचे काम त्याच सुमारास उभे राहिले, तेव्हा कोकण म्हणजे कलेच्या दृष्टीने आडबाजूचा मुलूख ही समजूत येथे टिकत नाही.

मंडपात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागला. मधल्या चार खांबांवरचे कोरीवकाम पाहून मान आपोआप वर जाते आणि छताचे घुमटाकार वितान दिसते. ही खरी कमान नव्हे. दगडांचे एकेक कडे खालच्या कड्यापेक्षा थोडे आत सरकवून बसवले आहे आणि वर जाता जाता मधली पोकळी मिटवली आहे. सगळा भार सरळ खाली उतरावा, हीच या रचनेची भिस्त. एवढ्या जड दगडांना फुलाच्या पाकळ्यांचा हलकेपणा देणाऱ्यांची नावे मात्र कुठे कोरलेली दिसत नाहीत. राजांच्या नावांवर आपण वाद घालत बसतो, याची थोडी लाज वाटली.

गाभारा मंडपाच्या पातळीवर नाही. पायऱ्या उतरून खाली जावे लागते. बहुतेक देवळांत देवाकडे जाताना आपण चढतो, येथे उतरतो. शिखराचा माथा ढासळलेला असल्यामुळे वरून आकाश दिसते आणि त्या उजेडात पिंडीवरचे बेलपत्र स्वच्छ दिसते. हे शिखर असे उघडेच ठेवायचे होते, असे पुजाऱ्यांजवळ उभे असलेले एक गृहस्थ ठामपणे सांगत होते. अंबर आणि नाथ यांची सांगड घालायला ही कथा सोयीची आहे, पण बाहेरून तुटलेल्या थरांकडे पाहिल्यावर मला ती पटली नाही.

परतताना वालधुनीच्या पाण्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता. देवळाला संरक्षित स्मारक म्हणून कुंपण आहे, नदीला काहीच नाही.

शाबूत भूमिज शिखर पाहिल्याशिवाय येथल्या मोडक्या माथ्याची नीट कल्पना करता येणार नाही. सिन्नरच्या गोंदेश्वराचे मुख्य शिखर सुस्थितीत आहे आणि भोवती पंचायतनाची चार लहान देवळेही आहेत. उन्हाळा कडक होण्यापूर्वी तिकडे जायचे आणि लतांच्या मधल्या ओळी खालपासून टोकापर्यंत मोजायच्या, असे ठरवले आहे.