उणे दोन फेऱ्या

महेश्वरला सायकलने जाणं मला कधी फार मोठं वाटलं नाही. पहाटे चारला इंदूरच्या सुदामानगरातून निघायचं, मानपूर ओलांडून घाट उतरायचा, धामनोदला पोहे खायचे आणि ऊन चढायच्या आत नर्मदेत पाय सोडून बसायचं. येताना तोच घाट चढायचा. चढ मला आवडतो. उतरताना मात्र दोन्ही ब्रेक आवळून धरायचे, इतके की घरी आल्यावर पोळ्या लाटताना बोटं दुखायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, घाई कसली? सगळे येतातच की खाली."

अडतिसाव्या वर्षी माउंटन बाइकच्या शर्यतीत उतरले आणि ते ब्रेक महागात पडले. क्रॉस-कंट्रीत चारेक किलोमीटरची फेरी असते, ती पुन्हा पुन्हा मारायची. चढावर मी ज्या पोरींना मागे टाकायचे, त्याच उतारावर भुर्रकन पुढे जायच्या. तिसरी फेरी संपता संपता पंचांनी हात आडवा केला. नियम असा, की पहिल्या फेरीला आघाडीवरच्या खेळाडूला जितका वेळ लागला, त्याच्या ८० टक्के वेळाने तुम्ही मागे पडलात की बाहेर. म्हणजे तिला १५ मिनिटं लागली असतील, तर तुम्हाला १२ मिनिटांची पिछाडी चालते. निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढे "उणे दोन फेऱ्या" लिहिलं होतं.

मग महूच्या एका निवृत्त सुभेदारकाकांनी मला जानापावच्या टेकडीवर नेलं. तिथल्या पायवाटेवर पहिले दोन रविवार त्यांनी मला सायकलवर बसूच दिलं नाही. सायकल हातात धरून उतारावरून चालायचं आणि दगड पाठ करायचे. तिसऱ्या रविवारी सीट चार बोटं खाली घेतली आणि ट्यूबलेस टायरची हवा ४० वरून २२ पीएसआयवर आणली. हवा कमी असली की टायर दगडावरून उडत नाही, त्याला बिलगतो. ब्रेक वळणाच्या आधीच मारायचा, एकाच बोटाने. मागचाच ब्रेक करकचून दाबला की चाक लॉक होऊन घसरतं. माझं आजवर तेच होत होतं. "दगडाकडे बघू नकोस, बाहेर पडायचंय तिकडे बघ," काका ओरडायचे. मी दगडाकडेच बघायचे आणि दगडावरच जायचे. डाव्या कोपराची खूण अजून आहे.

पावसाळ्यात तिकडे जायच्या भानगडीत पडू नये. माळव्याची काळी माती दहा पावलांत चाकावर इतकी थापली जाते की चाक फोर्कमध्ये फिरतच नाही. मग कुल्फीच्या काडीने माती खरवडत बसा, नाहीतर सायकल खांद्यावर घ्या. मी दोन्ही केलंय.

पुढची शर्यत हिमाचलात होती. १९९६ साली अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, असं सांगितल्यावर घरी परवानगीला जरा वजन आलं. मालवा एक्सप्रेसने अंबाल्यापर्यंत गेले, सायकल पार्सलमध्ये. उतरवून घेतली तेव्हा खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता. मागच्या गिअरचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, ज्यावर लटकतो, तो अंगठ्याएवढा तुकडा, हँगर, आत वाकला होता. तो बहुतेक सायकलींचा वेगवेगळा असतो, त्यामुळे परगावी मिळण्याची आशाच सोडायची. एका गल्लीतल्या मिस्त्रीने जुन्या चाकाचा आस हँगरच्या आट्यांत फिरवून बसवला आणि तेच चाक धरून, लांबून एक डोळा मिटून बघत, हळूहळू तो सरळ केला. पैसे घेतले पन्नास. वर बजावलं, "दीदी, सबसे बडा गिअर मत डालना, टूट जाएगा." ॲल्युमिनियम एकदा वाकवून सरळ केलं की कच्चं होतं.

मागची सर्वांत मोठी चकती म्हणजे चढाचा गिअर. ज्या चढावर माझा भरवसा, तिथेच मला प्रत्येक फेरीत उतरून सायकल ढकलावी लागली. चौघी-पाच जणी बाजूने निघून गेल्या. माथ्यावर पोहोचले, बसले, एक बोट ब्रेकवर ठेवलं आणि नजर थेट खालच्या देवदाराच्या बुंध्यावर लावली, कारण बाहेर पडायची वाट तिथूनच होती. पहिल्या उतारावर दोघींना गाठलं. शेवटच्या फेरीची घंटा मी प्रथमच माझ्यासाठी वाजताना ऐकली.

सोळा जणींत अकरावी आले. कागदावर नावापुढे उणे काहीच नव्हतं.