शाहू स्टेडियमपासून कोलंबसपर्यंत

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, तालमींचे संघ आणि सामन्याआधी आठवडाभर पेठापेठांत धुमसणारी ईर्ष्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये भाचीकडे अमेरिकेत कोलंबसला गेलो. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारात पाट्यांवरच्या प्रत्येक इंग्रजी 'एम'वर लाल पट्टीची फुली मारलेली दिसली. मला काही समजावून सांगावं लागलं नाही. शनिवारी मिशिगनशी गाठ होती.

खेळ मात्र वेगळा, अमेरिकन फुटबॉल. चेंडू बहुतेक वेळ हातात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाहीतर तो समोरच्यांकडे. "मामा, कबड्डी डोक्यात ठेवा," भाची म्हणाली. "अंगावर येणाऱ्यांना चुकवत रेघ गाठायची."

३० नोव्हेंबरला घरच्या मैदानावर ओहायो स्टेट १०-१३ अशी हरली. मिशिगनविरुद्धची सलग चौथी हार. सामना संपल्यावर खेळाडू मैदानातच भिडले. प्रशिक्षक रायन डे यांना घालवा, असं लोक उघड बोलायला लागले. ऑक्टोबरात ओरेगॉननंही ३२-३१ असं एका गुणानं हरवलं होतं. विजेतेपद ठरवणाऱ्या प्ले-ऑफ या बाद फेरीत पूर्वी चारच संघ जात, त्या हिशेबानं दोन हारींनंतर आशा ठेवणं कठीणच. पण याच हंगामापासून बारा संघांची पद्धत आली. आठव्या मानांकनामुळं पहिला सामना घरीच मिळाला, २१ डिसेंबरला, टेनेसीशी.

रात्री आठचा सामना आणि पारा शून्याच्या चार अंश खाली. "मामा, थर्मल दोन घाला, नाहीतर मी नेणार नाही." लेन अॅव्हेन्यूवरून आम्ही चालत निघालो. ओलेंटँजी नदीच्या पुलावर गर्दी दाटली. कुणीतरी "ओ-एच!" अशी आरोळी ठोकायचं आणि अख्खा पूल "आय-ओ!" म्हणून उत्तर द्यायचा, की ओहायोची इंग्रजी अक्षरं पुरी. तिसऱ्या खेपेला मीही सामील झालो. पुढं घोड्याच्या नालेसारखं ते १९२२ सालचं स्टेडियम दिव्यांत उजळलेलं. लाखाहून जास्त माणसं मावतात त्यात. टेनेसीची माणसं इतकी आली होती की लालमध्ये जागोजागी नारिंगी दिसत होतं.

शेजारच्या आजीबाईंनी माझ्या तळहातावर एक फळ ठेवलं. रिठ्याहून मोठं, चकचकीत तपकिरी, वर एक फिकट ठिपका. हेच बकाय, संघाचं नाव यावरूनच पडलं. "खिशात ठेवा, शकुनाचं असतं," असं त्या म्हणाल्याचं भाचीनं सांगितलं. हातमोज्यातून काढलेली त्यांची बोटं लालबुंद झाली होती.

पहिल्या चरणातच २१-०! जेरेमाया स्मिथ हा पहिल्या वर्षाचा पोरगा असा उसळायचा की मागचा बचावपटू नुसता बघत राहायचा. गेल्या तीन आठवड्यांची सगळी घुसमट त्या गर्जनेत बाहेर पडली. अखेर ४२-१७. संपल्यावर लोक उठून गेले नाहीत. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून विद्यापीठाचं गीत म्हणत डुलले. आजीबाईंचा हात माझ्या खांद्यावर होता.

पुढचं टीव्हीवर पाहिलं. रोझ बोल या उपउपांत्य सामन्यात ओरेगॉनचा हिशेब ४१-२१ नं चुकता झाला. १० जानेवारीला उपांत्य सामन्यात टेक्सास बरोबरी साधायला रेघेच्या अगदी जवळ आलं होतं. तेवढ्यात आमच्या जॅक सॉयरनं त्यांचा चेंडू फेकणारा क्विन युअर्स याच्या हातून चेंडू उडवला, स्वतःच ताब्यात घेतला आणि ८३ यार्ड पळत नेला. सॉयर कोलंबसजवळच्या पिकरिंग्टनचा, आणि हाच युअर्स एकेकाळी ओहायो स्टेटमध्ये त्याच्याच खोलीत राहायचा! २८-१४. त्या रात्री गल्लीत गाड्यांचे भोंगे थांबता थांबेनात.

१२ तारखेला मी परत निघालो. अंतिम सामना अटलांटाला, नोत्र दामशी. आपल्याकडे २१ जानेवारीची सकाळ. भाचीनं व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर धरला. ३१-७ अशी आघाडी होती, ती ३१-२३ वर आली. तिसरा प्रयत्न, अकरा यार्ड हवे. मी खिशातलं बकाय मुठीत धरलं. आमचा चेंडू फेकणारा विल हॉवर्ड, त्यानं उंच चेंडू टाकला, स्मिथनं तो धावता धावता झेलला. ५६ यार्ड! त्यावरून किक मारून तीन गुण, ३४-२३, आणि ओहायो स्टेट विजेती.

"मामा! ओ-एच!" ती तिकडून ओरडली. आई देवपूजा सोडून बाहेर आली, आणि मी कोल्हापूरच्या सोप्यात उभा राहून ओरडलो, "आय-ओ!"