पूल राखणारे सात जण

लंडनच्या आठ दिवसांतले सहा राजवाडे, म्युझियम आणि भाच्यांच्या आइस्क्रीममध्ये गेले. गर्दी होती, पाय दुखले, बस्स. उरलेले दोन दिवस मी क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी दप्तरखान्यात, बसलो. क्यू गार्डन्स स्टेशनवर उतरणारे बहुतेक बागेकडे वळतात, मी उलट दिशेला. ताई म्हणाली, "एवढं विमानाचं भाडं भरून जुने कागद चिवडणार तू?"

मला हवा होता दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्येच पहारा देणाऱ्या 'होम डिफेन्स' बटालियनचा हिशोब: कंपन्या (म्हणजे बटालियनमधल्या तुकड्या) किती, माणसं किती. होम गार्डचा नव्हे. ते आपली नोकरी सांभाळून फावल्या वेळात कवायत करणारे. हे पूर्णवेळ पगारी सैनिक, १९३९ मध्ये नॅशनल डिफेन्स कंपन्या या माजी सैनिकांच्या राखीव तुकड्यांमधून उभे केलेले.

आत फक्त पेन्सिल चालते आणि माझ्या खिशात तीन पेनं. ती लॉकरमध्ये टाकून 'डब्ल्यूओ १६६' या फाइलींच्या मालिकेतली एक युद्धडायरी, म्हणजे बटालियनची रोजची नोंदवही, उघडली. तासाभरात कळलं की मला हवा तसा नीटस तक्ता यात निघणार नाही. बटालियन कागदावर एक, प्रत्यक्षात विमानतळ, रेल्वे, कारखाने अशी विखुरलेली. एका पुलावर एक कॉर्पोरल आणि सहा शिपाई. पुढच्या पानांवरही तेच सात जण, तोच पूल, आणि घडलं काहीच नाही. मी मात्र त्या पानांवरून पुढे सरकेना.

कारण ही माणसं पहिलं महायुद्ध लढून घरी परतलेली, ४५ ते ६० वयाची. मी ५२. तेव्हा तिथला असतो आणि आधीचं युद्ध लढलेला असतो, तर या गुडघ्यांसकट थंडीत त्याच पुलावर उभा असतो. त्यांच्या जोडीला सक्तीच्या भरतीचं बोलावणं येण्याआधीच आपणहून आलेली १८-१९ वर्षांची पोरंही होती. १९४० मध्ये पोरांच्या वेगळ्या बटालियन झाल्या, त्यांना ७० क्रमांक. १९४१ मध्ये काका मंडळींच्या बटालियनना ३० पासून पुढचे. एकदा हे उमगलं की नुसत्या आकड्यावरून आतले चेहरे दिसायला लागतात.

फोटो काढायला मुभा होती. मी अधाशासारखे दोनशे काढले. प्रत्येक फोटोत फाइलच्या क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी, हे शहाणपण पुण्यात परतल्यावर सुचलं. आता पूल आहे, सात जण आहेत. बटालियन कोणती, ते शोधतोय.