लॉर्ड सिन्हांचं लग्न आणि अकरा वर्षं अडकलेली पदवी

मी लंडनमध्ये एका सॉलिसिटर ऑफिसात प्रोबेटचं काम करते, म्हणजे माणूस गेल्यावर त्याचं जे काही असेल ते कायद्याने कुणाकडे जाणार याची कागदपत्रं. मागच्या हिवाळ्यात एक फाइल आली, सातारा जिल्ह्यातल्या आजी, लग्न १९५३ सालचं, गावी दारात मांडव घालून झालेलं, नंतर आजोबा नोकरीसाठी इकडे आले, आजीही आल्या, आणि आता आजोबा मृत्युपत्र न करता गेले. एका पेन्शनवाल्या संस्थेने लग्नाचा दाखला मागितला. आता त्या काळात गावात कोण लग्नाची नोंदणी करत होतं? आजी फोनवर मला म्हणाल्या, "अगं, सगळा गाव जेवला होता, दाखला कसला मागतायत?" आवाजात चीड होती आणि ती रास्त होती.

माझ्या सीनियरने सांगितलं की जुन्या हिंदू लग्नांबद्दल इथे काय काय निकाल लागलेत ते काढ, आणि सुरुवात सिन्हा पीअरेज केसपासून कर. पीअरेज म्हणजे उमरावाची पदवी, तिचा आमच्या आजींशी काय संबंध असं वाटलं, पण वाचायला घेतलं आणि त्या दिवशी दुसरं काहीच हातात घेतलं नाही.

सत्येंद्र प्रसन्न सिन्हा हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही. १९१५ साली मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन भरलं त्याचे हे अध्यक्ष. त्याआधी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसलेले पहिले भारतीय, कायदा सदस्य म्हणून, १९०९ साली. आणि १९१९ मध्ये त्यांना वंशपरंपरागत उमराव केलं, 'बॅरन सिन्हा ऑफ रायपूर'. हे रायपूर छत्तीसगडचं नाही बरं का, बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातलं त्यांचं गाव. ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन अशा पाच पायऱ्या, त्यातली ही शेवटची, पण पदवी वंशपरंपरागत असल्यामुळे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा मिळायची, आणि असा मान मिळालेले हे एकमेव भारतीय. त्याच वर्षी १९१९ चा गव्हर्नमेंट ऑफ इंडिया कायदा लॉर्ड्समधून पार करायचं काम भारत खात्याचे उपमंत्री म्हणून त्यांनीच केलं. कलकत्त्यात त्यांच्या नावाचा रस्ता अजून आहे.

आता वारसाचं. ही पदवी घरासारखी विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, मृत्युपत्रात कुणाच्या नावावर लिहिताही येत नाही. राजाने पदवी देताना जे फर्मान काढलं, ज्याला लेटर्स पेटंट म्हणतात, त्यात लिहिलेलं असतं की पुढे कुणाकडे जाणार, आणि बहुतेक वेळा ते असतं पोटचा औरस मुलगा, मग त्याचा मुलगा, असं. मुली बाद. दत्तक मुलगा बाद, अगदी आजसुद्धा. औरस हा शब्द त्यात आहे म्हणूनच सगळं येऊन अडतं आईबापाच्या लग्नावर.

१९२८ मध्ये पहिले लॉर्ड सिन्हा वारले. थोरला मुलगा अरुणकुमार, जन्म १८८७. साधी गोष्ट वाटते ना, बाप गेला, थोरला मुलगा आहे, पदवी त्याची. पण सभागृहात बसायचं तर बोलावणं लागतं, ते राजाच्या नावाने निघतं, आणि ते निघेना. वारस म्हणून आधी सिद्ध करा म्हणाले. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सच्या प्रिव्हिलेजेस कमिटीपुढे, म्हणजे पदवीवरचे दावे तपासणाऱ्या समितीपुढे, गेलं आणि निकाल लागला १९३९ मध्ये. अकरा वर्षं!

अडचण काय, तर सिन्हांचं लग्न. १८८० साली, गोविंदमोहिनी यांच्याशी, हिंदू पद्धतीने. नवरा सतरा वर्षांचा. हिंदू कायद्यात तेव्हा पुरुषाला दुसरी बायको करता येत होती. सिन्हांनी केली नव्हती, आयुष्यभर एकच बायको, पण इंग्लंडचा कायदा बघत होता की करता आली असती का. याची मुळं १८६६ च्या हाइड विरुद्ध हाइड खटल्यात आहेत, अमेरिकेतल्या युटामधल्या मॉर्मन पंथाच्या लग्नाचा खटला होता तो, त्या पंथात तेव्हा अनेक बायका करता यायच्या, त्यात लॉर्ड पेन्झन्स यांनी ठरवून टाकलं की लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचं आयुष्यभराचं, बाकी सगळ्यांना वगळून. तो मुद्दा होता फक्त अशा लग्नात इंग्लंडच्या कोर्टात घटस्फोट मागता येईल का एवढाच, पण त्याची सावली पुढे कुठच्या कुठे पडली.

मी हे वाचत होते आणि मला राग येत होता, खरंच. ज्या माणसाला तुम्ही मंत्री केलंत, बॅरन केलंत, लंडनमध्ये उमरावांच्या सभेत बसवलंत, तेव्हा त्याच्या लग्नाबद्दल कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही, कारण पदवी देताना फक्त तो माणूस बघायचा असतो. मुलाची वेळ आली तेव्हा त्याच्या आईचं लग्न टेबलावर घेतलं. गोविंदमोहिनींनी संसार केला, मुलं वाढवली, जगाने लेडी सिन्हा म्हटलं, आणि नंतर वकिलांनी वाद घालायचा की हे लग्न लग्न होतं का.

यावरून मला आपल्या मुंबईचे जमशेटजी जीजीभाई आठवले. त्यांची १८५७ ची पदवी बॅरोनेटची, म्हणजे उमराव नव्हे, एक पायरी खालीच, पण वंशपरंपरागत. तिथे १८६५ नंतरच्या लग्नांबद्दल तरी हा प्रश्न उभाच राहिला नसता कारण १८६५ च्या पारशी विवाह कायद्याने दुसरी बायको करणं गुन्हाच ठरवलं होतं. त्या घराण्यात वेगळीच गंमत, १८६० च्या कायद्याने ठरलं की जो वारस होईल त्याने नावही जमशेटजी जीजीभाईच घ्यायचं.

तर सिन्हा केसचा निकाल. लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे तेव्हाचे इथल्या न्यायव्यवस्थेचे प्रमुख, होते लॉर्ड मॉम. त्यांनी आधी एक गोष्ट स्वच्छ सांगितली, ती माझ्या कामाची होती, की भारतातल्या हिंदूंचं भारतात रीतसर झालेलं लग्न इंग्लंडचा कायदा मानतो आणि त्यातली मुलं औरसच. पण पदवीच्या बाबतीत ते थबकले. दोन-तीन बायका असतील, आणि दुसरीला मुलगा आधी झाला नि पहिलीला नंतर, तर मग वारस कोण? इंग्रजी वारसा कायद्यात याचं उत्तर देणारं काही नाही असं त्यांचं म्हणणं. मग त्यातून वाट कशी काढली? सिन्हा नवराबायको पुढे 'साधारण ब्राह्मो समाज' नावाच्या पंथात गेले होते, तिथे एकच बायको हे तत्त्व, आणि हे झालं होतं अरुणकुमारांच्या जन्माच्या आधी. म्हणजे लग्न झालं तेव्हा कायद्याच्या नजरेत ते बहुपत्नीत्वाचं होऊ शकणारं, पण मुलगा जन्मला तेव्हा एकपत्नीत्वाचं झालेलं, म्हणून मुलगा वारस. अरुणकुमार दुसरे लॉर्ड सिन्हा झाले.

पुढच्या कितीतरी खटल्यांत हा निकाल वापरलाय. १९४६ च्या बेंडेल खटल्यात तर एका हिंदू लग्नामुळे नवऱ्याचं इथलं दुसरं लग्न रद्द झालं, म्हणजे पहिल्या बायकोच्या बाजूने हे सगळं कामी आलं, हे वाचून मला बरं वाटलं.

आजींचं काम मात्र यापेक्षा सोपं निघालं. मुंबई प्रांताने १९४६ मध्येच हिंदूंच्या द्विभार्या विवाहावर बंदी आणली होती, देशभरचा कायदा त्यानंतर नऊ वर्षांनी आला, १९५५ ला. सातारा मुंबई राज्यात, लग्न १९५३ चं, त्यामुळे दुसऱ्या बायकोची शक्यता वगैरे काही उरतच नव्हती. राहिला प्रश्न लग्न झाल्याच्या पुराव्याचा. आजींच्या पुतण्याने ट्रंकेतून लग्नपत्रिका शोधून पाठवली, आजोबांच्या जुन्या पासपोर्टवर पत्नी म्हणून आजींचं नाव होतं, गावातल्या दोघा म्हाताऱ्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं. शिवाय इतकी वर्षं नवराबायको म्हणून राहिले आणि लोक तसंच ओळखत होते, याला इथल्या कायद्यात चांगलं वजन आहे. संस्थेने मान्य केलं. मी आजींना फोन केला तर म्हणाल्या, "मी सांगत होते ना तुला."

संध्याकाळी सीनियरशी मात्र माझा सिन्हा केसवरून वाद झाला. त्याच्या मते १९३९ च्या मानाने तो उदार निकाल होता, मुलाला पदवी मिळाली, हिंदू लग्न मान्य झालं, अजून काय हवं. मी म्हटलं, हे दोघं ब्राह्मो झाले नसते तर? तेच लग्न, तीच एक बायको, तोच मुलगा, फक्त धर्म बदलला नसता, तर? तो म्हणाला की कमिटीपुढे तो प्रश्न नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तर त्यांनी द्यायची गरज नव्हती. वकील म्हणून मला ते पटतं, कोर्ट असंच चालतं. पण पुढे कुणा भारतीयाला अशी पदवी दिलीच नाही, त्यामुळे ते उत्तर कधी द्यावंच लागलं नाही, आणि माझ्या मते ते देताना त्यांची पंचाईत झाली असती. फाइलच्या नोटमध्ये मी मुलाला पदवी मिळाली हे लिहिलं आणि ती कुठल्या कारणावर मिळाली हेही वेगळा परिच्छेद करून लिहिलं, तो म्हणाला हा परिच्छेद आजींच्या फाइलला लागत नाही, मी म्हटलं राहू द्या.