तुम्ही विचारलंत म्हणून: सनस्क्रीन लावूनही पाठ का भाजते?

तारकर्लीला स्नॉर्केलिंग करून आलेली मंडळी हमखास विचारतात, "एसपीएफ ५० लावलं होतं, तरी पाठ लालबुंद झाली. क्रीम नकली होतं का?"

बहुतेक वेळा क्रीम चांगलंच असतं, लावलेलं कमी असतं. एसपीएफचा, म्हणजे उन्हाने भाजण्यापासून किती संरक्षण मिळतं याचा, आकडा ठरवताना दर चौरस सेंटिमीटर त्वचेला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. आपण त्याच्या निम्मंही लावत नाही. बोटांनी मोजा. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं. एका हाताला तेवढंच, पाठीच्या वरच्या भागाला तेवढंच, खालच्या भागाला पुन्हा तेवढंच, आणि प्रत्येक मांडीला, प्रत्येक पोटरीला वेगळं. पोहायच्या कपड्यांत अख्ख्या अंगाला सुमारे ३० मिलि लागतं. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दोघांना एकदाही पुरत नाही.

त्यातून स्नॉर्केलिंगमध्ये माणूस पालथा तरंगतो. पाठ, मानेची मागची बाजू, गुडघ्यामागची लवण, पोटऱ्या सतत उन्हात, आणि पाणी गार असल्यामुळे चटका कळतच नाही. म्हणून आमचा आग्रह लांब बाह्यांच्या पोहायच्या शर्टाचा. मग क्रीम फक्त उघड्या अंगाला पुरतं आणि समुद्रातही कमी उतरतं. प्रवाळाच्या काळजीपोटी हवाईने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री २०२१पासून बंद केली. प्रवाळ मालवणच्या समुद्रातही आहे.

केमिकल सनस्क्रीन अतिनील किरण शोषून त्यांची उष्णता करतं. त्यासाठी त्वचेवर त्याचा सलग थर बसावा लागतो. बोटीत, वाळू लागलेल्या ओल्या अंगावर चोपडलं तर तो बसत नाही. खोलीवरच, कोरड्या अंगाला, निघण्याआधी २० मिनिटं लावा. दर दोन तासांनी आणि टॉवेलने अंग पुसलं की लगेच पुन्हा. 'वॉटर रेझिस्टंट'चा अर्थ पाण्यात ४० किंवा ८० मिनिटं, दिवसभर नव्हे.

ट्यूबवरचे घटक वाचा. ॲव्होबेन्झोन यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) अडवतं, पण उन्हात स्वतःच विघटतं. सोबत ऑक्टोक्रिलीन असेल तर टिकतं, ऑक्टिनॉक्सेट असेल तर आणखी लवकर संपतं. (पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर गंजासारखे डाग पडतात तेही ॲव्होबेन्झोनचेच. बोअरच्या पाण्यातल्या लोहाशी त्याचा संयोग होतो.) गुडघेदुखीसाठी कीटोप्रोफेनचं जेल लावत असाल तर ऑक्टोक्रिलीन टाळा, उन्हात तीव्र ॲलर्जी उठू शकते. जेल बंद केल्यावरही दोन आठवडे ती जागा झाकलेली ठेवा. सहा महिन्यांखालच्या बाळाला क्रीम नको, सावली आणि अंगभर सुती कपडे हवेत. स्प्रे थेट तोंडावर मारू नका, तळहातावर घेऊन लावा. आणि ट्यूब उन्हातल्या गाडीत ठेवू नका.

लाली काही तासांनी उमटते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाढत जाते. दुपारी पाठ किंचित चुरचुरली तरी तिथेच सावलीत या. त्यावर आणखी क्रीम लावून आधीचं भाजणं परतवता येत नाही.