सुई मानेतच

परळला येऊन आठवडा झाला. लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, खालच्या बाकड्यावर एकच प्रश्न: "काय गं, तू तिकडे गाईंचा धंदा करतेस म्हणे?" बातमी आईने पसरवली. आईला मी अर्धीच गोष्ट सांगितली होती, म्हणून पसरलीही अर्धीच. उरलेली अर्धी इथे लिहिते, कारण आई ब्लॉग वाचत नाही. (दादा, तू वाचतोस. गप्प बस.)

धंदा वगैरे काही नाही. अमेरिकेत, केंटकीत घर घेतलं तेव्हा त्याच्यासोबत बारा एकर माळ आला, एवढंच. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांत वाढलेल्या मुलीला बारा एकर म्हणजे काय, ते कळायलाच वर्ष गेलं. गवत कापायला माणूस लावला, त्याचं बिल बघून नवरा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मग शेजारचे आजोबा आले. वय शहात्तर, अठ्ठावीस गाई. म्हणाले, कुंपण मी दुरुस्त करतो, माझी गुरं तुमच्याकडे चरू देत. तिथे सलग १० एकरांवर शेती किंवा गुरं असली की जमिनीचा कर शेतीच्या दराने लागतो. त्यांना चारा, आम्हाला कमी कर. गाई त्यांच्या, गवत आमचं. मी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलंय की आता ते मलाच संशयास्पद वाटतं.

कारण त्या गाई दुधाच्या नाहीत.

मागच्या वर्षीच्या जानेवारीत आजोबांना गुरं पाळणाऱ्यांच्या एका वर्गाला जायचं होतं. अंधार पडला की त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून मी सोडायला गेले आणि बाहेर थंडी होती म्हणून आत बसले. काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, एक्स्टेन्शन ऑफिस. आपल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयासारखं, असं लिहिणार होते, पण तसं नाही. केंटकीत १२० काउंट्या आहेत आणि प्रत्येकीत असं एक ऑफिस आहे. १९१४ च्या एका केंद्रीय कायद्याने याची घडी बसली: विद्यापीठात जे कळेल ते शेताच्या बांधापर्यंत न्यायचं, आणि खर्च केंद्र, राज्य आणि काउंटी मिळून करायचा. आत वीसेक माणसं. बहुतेकांच्या टोप्यांवर बियाण्याची किंवा ट्रॅक्टरची नावं, बुटांना शेण. कुणाकडे पंधरा गाई, कुणाकडे चाळीस. मोठा जमीनदार कुणी नव्हता. दिवसा दुसरी नोकरी करून संध्याकाळी गुरं बघणारेच जास्त.

शिकवणारा त्या ऑफिसचाच माणूस, त्याला एजंट म्हणतात, साधारण माझ्याच वयाचा. फळ्यावर त्याने गाईच्या मानेचं चित्र काढलं आणि त्यात एक त्रिकोण. लस असो, औषध असो, सुई या त्रिकोणातच. पुठ्ठ्यात नाही, मांडीत नाही. औषधाच्या बाटलीवर परवानगी असेल तर स्नायूत न देता कातडीखाली. एका जागी १० मिलीलिटरपेक्षा जास्त नाही. दहा-पंधरा जनावरांनंतर सुई बदलायची. वाकली तर सरळ करून वापरायची नाही, कारण ती मोडून जनावरात राहू शकते. कुठल्या जनावराला काय दिलं, कधी दिलं, हे वहीत लिहायचं, म्हणजे औषध अंगातून जायला लागणारा काळ उलटण्याआधी ते जनावर विकलं जाणार नाही. मी दुसऱ्याच्या वहीतून पान मागून घेतलं आणि हे सगळं उतरवलं. शाळा सुटल्यावर इतकी टापटीप मी कधी लिहिलं नव्हतं.

मग त्याने गुरं हाकायचं शिकवलं. हे मला फारच आवडलं. जनावराभोवती एक अदृश्य रिंगण असतं, तुम्ही त्यात शिरलात की ते सरकतं, बाहेर आलात की थांबतं. खांद्यापाशी तोल असतो: खांद्याच्या मागे उभं राहिलात तर ते पुढे जातं, पुढे उभं राहिलात तर मागे. ओरडायचं नाही, काठी उगारायची नाही, घाई तर अजिबात नाही. मला दादरचा पूल आठवला. संध्याकाळी सहाला मागच्याने ढकललं की आपण पुढे जातो, समोरून लोंढा आला की मागे. आपण सगळे हे शिकलोय, फक्त आपल्याला कुणी शांतपणे हाकलेलं नाही.

घरी येऊन आईला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. आई हरखली. "बघ, परक्या देशात पण गाईची किती काळजी घेतात." मी हो म्हटलं.

जे सांगितलं नाही ते असं. मानेत का, हे एजंटने पुढच्याच वाक्यात सांगितलं होतं. सुई टोचली की आतल्या मांसात व्रण पडतो आणि तेवढा भाग खाटकाला कापून टाकावा लागतो. पुठ्ठ्याचं मांस महाग, मानेचं स्वस्त. ओरडायचं नाही, कारण घाबरलेल्या जनावराचं मांस काळपट आणि घट्ट होतं. जनावराला त्यात सुख नाही असं नाही, ते आहेच. पण या वर्गाचं नावच मुळी बीफ क्वालिटी अ‍ॅशुरन्स, म्हणजे गोमांसाच्या दर्जाची हमी. त्याचं कार्ड मिळतं, आणि तीन वर्षांनी ते पुन्हा करावं लागतं. वर्गात जेवण होतं. मी बटाटे आणि कोबीची कोशिंबीर घेतली. कुणी काही विचारलं नाही. एका बाईने माझ्या ताटात न सांगता आणखी बटाटे वाढले.

आता यावर मला काय वाटतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. आमच्या घरी रविवारी मटण शिजतं. त्या बोकडाला कधी कुठे टोचलं, तो घाबरला होता का, हे परळ-लालबागमध्ये मटणाच्या रांगेत उभं राहून कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही. गाईचं वेगळं, हे मला कुणी समजावून द्यायला नको, मी त्याच घरात वाढलेय. पण वर्गात बसल्याने मी काही वेगळी झाले नाही. बटाटेच खाल्ले.

मामाला मात्र खरं सांगितलं. मामा साताऱ्याकडे, दोन संकरित गाई आणि एक बैलजोडी. वर्गात ब्लॅकलेग म्हणून एका रोगाबद्दल बरंच बोलणं झालं, मी नाव शोधलं तर तो आपला फऱ्या निघाला. मामाला म्हटलं, तिकडे वासरांना फऱ्याची लस मानेतच देतात. मामा म्हणाला, "आमचा डॉक्टर पुठ्ठ्यावर देतो. मानेत का?" मी कारण सांगितलं. फोनवर थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं. पण सुई बदलायची म्हणतेस, ते बराय. ते सांगतो मी डॉक्टरला."

आजोबा त्या वर्गाला का बसले, त्यामागचा पैसा कुठला, तेही सांगते. तंबाखू कंपन्यांनी १९९८ साली अमेरिकेतल्या राज्यांना भरपाई द्यायचा करार केला. केंटकी तंबाखूचंच राज्य, तिथल्या हजारो लहान शेतकऱ्यांचं घर त्या पानांवर चालायचं. राज्याने २००० साली आपल्या वाट्यातला निम्मा पैसा शेतीसाठी बाजूला काढला, म्हणजे तंबाखू सोडून माणसाने दुसरं काही करावं. पुष्कळांनी गुरं केली. त्या पैशातून आजोबांना जनावर उभं करायच्या लोखंडी खोड्याचे निम्मे पैसे मिळाले. अट एकच: वर्गाला बसायचं. आपल्याकडे अनुदान असतं आणि प्रशिक्षणही असतं, पण अनुदान घेणारा एक आणि प्रशिक्षणाच्या फोटोत बसलेला दुसरा, असं मामाच्या गावात मी पाहिलंय.

पण मला ज्याने खरा धक्का दिला ते वर्गाच्या बाहेर घडलं. एप्रिलमध्ये एजंट न बोलावता आमच्या माळावर आला. मातीचे नमुने घेतले, बोटभर खोल, वीस ठिकाणांहून, एका बादलीत मिसळून. मग गुडघ्यावर बसला, गवताचं एक पान उपटलं आणि मला त्याची कुंडली सांगितली. हे उंच फेस्क्यू. १९३१ साली विद्यापीठाचे प्राध्यापक ई. एन. फर्गस यांना केंटकीच्या डोंगराळ मेनिफी काउंटीतल्या एका उतारावर सापडलं. थंडीत हिरवं, दुष्काळात हिरवं, गुरांनी कितीही तुडवलं तरी हिरवं. १९४३ साली केंटकी ३१ या नावाने ते बाहेर पडलं आणि लाखो एकरांवर पसरलं. गुरं मात्र त्यावर धड वाढेनात. उन्हाळ्यात ती तळ्यात जाऊन उभी राहायची, थंडीत शेपटीचं टोक गळायचं, खूर सडायचे. सत्तरच्या दशकात कारण कळलं: पानाच्या आत बुरशी राहते आणि तिच्या विषाने रक्तवाहिन्या आकसतात. गंमत अशी की गवताला तो काटकपणा देते तीच बुरशी. काढून टाकली तर गवतच लवकर मरतं.

उपाय काय, तर लाल क्लोव्हर. मेथीच्या कुळातलं. ते मिसळलं की विष पातळ होतं, शिवाय त्यातल्या एका द्रव्याने आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात. पेरायचं फेब्रुवारीत, उघड्या जमिनीवर, नांगर न घालता. रात्री जमीन गोठते, दिवसा वितळते, त्या फुगण्या-आकसण्यात बी आपोआप आत जातं. पुढच्या फेब्रुवारीला हे मी केलं. गळ्यात अडकवायची पिशवी, खाली फिरकी, हाताने दांडा फिरवत चालायचं. पायाखाली बर्फ करकरत होता, नाकातून पाणी, आणि मी बैलघोडा हॉस्पिटलसमोर वाढलेली मुलगी बी फेकत बारा एकर चालले. आजोबा कुंपणाशी उभे राहून हसत होते. मे महिन्यात क्लोव्हर उगवलं तेव्हा मी त्याचे इतके फोटो काढले की नवऱ्याने विचारलं, मुलीचे एवढे काढले होतेस का.

या माणसाने आमच्याकडून एक पैसा घेतला नाही. मी त्याला चहा दिला, आलं घालून, आणि त्याने तो मुकाट्याने संपवला. त्याला आवडला नसावा.

पण तिकडे सगळं उत्तम आणि इथे सगळं वाईट, असं समजू नका. रेतन घ्या. आजोबा वळू ठेवतात, तिथले बहुतेक छोटे गुरंवाले वळूच ठेवतात. तो वर्षभर खातो आणि कुंपणं मोडतो. आमच्या मामाकडे एका फोनवर माणूस मोटरसायकलवरून येतो, मागे द्रव नायट्रोजनचा कॅन, दारात गाय भरवून जातो. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली 'बाएफ' ही संस्था उभी केली, तिने हे दारात नेऊन दाखवलं. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा टोपीवाल्यांपैकी दोघांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मला तेव्हा किती बरं वाटलं!

आणि तिथल्या लहान शेतकऱ्याला शिकवणारे पुष्कळ असले तरी भाव त्याच्या हातात नाही. जनावर विकलं की केंद्रीय कायद्याने दर डोई एक डॉलर कापला जातो, त्यातून संशोधन आणि मांसाची जाहिरात होते. आजोबांना ती जाहिरात आवडत नाही. म्हणतात, माझा डॉलर घेऊन खाणाऱ्याला भूक लावतात, मग मला भाव का नाही मिळत? तिथे पुष्ट केलेली गुरं कापणाऱ्या कंपन्यांत चारच मोठ्या, आणि पाचातली चार जनावरं त्यांच्याकडेच जातात. हे ऐकून मला मामाची दूध डेअरी आणि फॅटचं मशीन आठवलं. दोघांना एकत्र बसवलं तर भाषेशिवाय त्यांचं छान जमेल.

मामाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. त्याच्या संकरित गाईला गोऱ्हा झाला. ओढकामाला तो उपयोगाचा नाही, आणि १९७६ च्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाल्यापासून महाराष्ट्रात बैल आणि गोऱ्हेही कत्तलीसाठी विकून मोकळं होता येत नाही. मामाची कायद्याबद्दल तक्रार नाही. तो फक्त म्हणतो, सांभाळायचा तर कडबा कुणी द्यायचा ते पण सांगा. मी काही म्हणत नाही. जी बाई गवताच्या बदल्यात कर वाचवते, तिने काय म्हणायचं?

परवा संध्याकाळी आईला घेऊन खाली फिरायला गेले. पशुवैद्यक महाविद्यालयाच्या भिंतीजवळून मी बारा वर्षं शाळेत गेले, १८८६ चं ते कॉलेज, आणि आत काय शिकवतात हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. शेजारच्या दवाखान्याला सगळं परळ बैलघोडा म्हणतं, बाई साकरबाईंचं नाव पाटीवरच राहिलं. आत कुत्री-मांजरं घेऊन माणसं बसली होती, एक घोडा पाय उचलून उभा होता. आई थांबली. मी नकळत घोड्याच्या खांद्याच्या मागे सरकले. आई म्हणाली, "काय करतेस?" म्हटलं, काही नाही.

घरी आल्यावर तिने माझा फोन मागितला. मागे पाठवलेला फोटो तिला बाजूच्या वहिनींना दाखवायचा होता: काळं अंग, पांढरं तोंड, कानात ४१ नंबरचा बिल्ला, आमच्या कुंपणातून डोकं काढून बघणारं वासरू. "केवढं झालं असेल गं आता? परत गेलीस की नवीन फोटो पाठव त्याचा."

ते मार्चमध्ये जन्मलं. ऑक्टोबरमध्ये आईपासून तोडलं, लशी झाल्या, पंचेचाळीस दिवस वेगळं ठेवलं, कारण तशा वासरांच्या खास लिलावात भाव बरा मिळतो. लिलाव गेल्या शुक्रवारी होता. आजोबांचा मेसेज आला होता, भाव चांगला लागला म्हणून.

"पाठवते," म्हटलं. फोनमध्ये त्याचे जुने फोटो बरेच आहेत.